रिफिल की परतीची बाटली? सुपरमार्केटकडे नेमकं काय मागायचं

‘प्लास्टिक कमी करा’ एवढीच मागणी घेऊन सुपरमार्केटच्या मॅनेजरकडे गेलात, तर तो हसतमुखाने हो म्हणेल. काही दिवसांत पिशवी जराशी पातळ होईल, काळा ट्रे पांढरा होईल, दारात पानाफुलांचं चित्र असलेला फलक लागेल आणि विषय संपेल. मोहिमा नकाराने जेवढ्या थकत नाहीत तेवढ्या अशा गोड होकाराने थकतात. म्हणून पत्र लिहायच्या, सह्या गोळा करायच्या आधी गटाने एकत्र बसून ठरवायला हवं, की आपल्याला नेमका कोणता बदल हवा आहे.

‘रिफिल आणि पुनर्वापर’ हे शब्द आपण एका दमात म्हणतो, पण दुकानाच्या दृष्टीने ती वेगवेगळी कामं आहेत. पहिलं म्हणजे गिऱ्हाइकाने स्वतःचा डबा आणायचा आणि सुटा माल भरून न्यायचा. दुसऱ्यात माल आधीच बाटलीत किंवा बरणीत भरलेला असतो. गिऱ्हाईक अनामत भरून ती नेतं, रिकामी परत करतं, ती धुऊन पुन्हा भरली जाते. तिसरं, घरातली बाटली तीच ठेवून फक्त पाउच किंवा पाण्यात मिसळायचा अर्क विकत घ्यायचा. चौथ्यात पॅकिंगच नाही: फळं, भाज्या सुट्या.

‘आम्ही रिसायकल करतोच की,’ हे उत्तर दुकानाकडून हमखास येईल. त्यासाठी ओईसीडी या, मुख्यतः श्रीमंत देशांच्या, आर्थिक संघटनेचे आकडे खिशात असू द्या. २०१९ मध्ये जगात सुमारे ३५ कोटी टन प्लास्टिक कचरा तयार झाला. त्यातला साधारण ४० टक्के पॅकिंगचा होता. एकूण प्लास्टिक कचऱ्यापैकी जेमतेम ९ टक्के पुन्हा कामी आला. या आकड्यांपुढे रिसायकलिंगच्या डब्याचा फोटो फार काळ टिकत नाही.

रिफिलचा कोपरा

मोहिमेतल्या बहुतेकांना हाच पर्याय आवडतो, आणि का आवडतो ते उघड आहे. भिंतीला लावलेल्या पारदर्शक नळ्या, त्यात तांदूळ, डाळी, बिया, खाली खटका. फोटो छान येतो. बातमी होते. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या वेटरोज या सुपरमार्केट साखळीने ऑक्सफर्डच्या एका दुकानात असा विभाग सुरू केला, तेव्हा त्याची भरपूर चर्चा झाली होती.

पण त्या नळीसमोर पाच मिनिटं उभं राहून बघा. गिऱ्हाईक पिशवीतून बरणी काढतं. आधी रिकामी बरणी वजनकाट्यावर ठेवून तिचं वजन नोंदवायचं, वजनाचं लेबल घ्यायचं, मग खटका ओढायचा. माल एकदम भसकन येतो, थोडा खाली सांडतो. पुन्हा काट्यावर, बरणीचं वजन वजा, नवं लेबल. मागे दुसरं कुणी उभं असेल तर घाई होते. घरी गेल्यावर त्या बरणीवर ना बॅच क्रमांक, ना शेवटची तारीख. ज्याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, त्याला शेजारच्या नळीतला चमचा इकडे आला नव्हता ना, हे कळायला मार्ग नाही. नळ्या कोण धुणार आणि कधी, तळाशी राहिलेला जुना माल नव्या मालाखाली किती दिवस दबून राहणार, हे प्रश्न दुकानाचा माणूस विचारतो तेव्हा तो बहाणे सांगत नसतो. त्याच्या रोजच्या कामाचे ते प्रश्न आहेत.

आणखी एक गोष्ट फार कमी जण विचारतात. त्या नळीत माल येतो कशातून? दुकानाच्या मागच्या बाजूला जाऊन पाहिलं तर पुष्कळदा प्लास्टिकचीच मोठी पोती दिसतील. एकदाच वापरायची मोठी पोती असली तरी छोट्या पिशव्यांपेक्षा एकूण प्लास्टिक कमीच लागतं, हे खरं. पण ‘प्लास्टिकमुक्त’ म्हणून मिरवायच्या आधी हे बघून घ्यावं.

रिफिल खरोखर चालतं ते मुख्यतः भांडी घासायचा साबण, कपड्यांचं डिटर्जंट, हँडवॉश अशा द्रव मालात. यात वास-चवीचा, कीड लागायचा प्रश्न नाही. बाटली तीच तीच वापरता येते, आणि मशीन ठरावीक माप ओतून थांबतं. चिलीतल्या अल्ग्रामो या कंपनीने यातली एक अडचण हुशारीने सोडवली. बाटलीलाच चिप लावली. मशीन बाटली ओळखतं, पैसे खात्यातून वळते होतात, काट्याची भानगड राहत नाही. कोरड्या मालाचा विभाग जिथे टिकतो, तिथे बहुधा एक माणूस फक्त त्याच विभागासाठी नेमलेला असतो. मागणीपत्रात नळ्या मागताना तो माणूसही मागा, नाहीतर काही दिवसांतच तिथे ‘तात्पुरतं बंद’ अशी पाटी दिसेल.

परतीची बाटली

आता दुसरा पर्याय. हा फोटोत फारसा खुलत नाही. फडताळावर नेहमीसारख्या भरलेल्या बाटल्या दिसतात, फरक एवढाच की त्या परत जाणार असतात. माझं मत आधीच सांगून टाकते: गटाची ताकद एकाच मागणीवर लावायची असेल तर ती इथे लावा.

कारण यात गिऱ्हाइकाची सवय जवळजवळ बदलावी लागत नाही. उचला, पैसे द्या, न्या. लेबल आहे, तारीख आहे, झाकण सीलबंद आहे. विसरलेला डबा हे कारण उरत नाही. आणि रिकामी बाटली घरात पडून राहिली तर आपले पैसे अडकलेत, हे रोज दिसत राहतं. गिऱ्हाइकाच्या चांगुलपणावर विसंबावं लागत नाही. माझ्या लेखी हाच मुद्दा निर्णायक आहे.

जर्मनीत हे दशकानुदशकं चालू आहे. तिथल्या मिनरल वॉटरच्या कंपन्यांनी १९६९ मध्ये सगळ्यांनी मिळून वापरायची एकच काचेची बाटली आणली. कुणाचीही रिकामी बाटली कुणीही धुऊन भरावी, फक्त लेबल आपलं लावावं. अशी काचेची बाटली सुमारे ५० फेऱ्या करते, जाड पीईटी प्लास्टिकची त्याच्या साधारण निम्म्या. सुपरमार्केटच्या दाराशी मशीन असतं. वरच्या भोकात एकेक बाटली सरकवायची, खालच्या मोठ्या खणात अख्खा क्रेट ढकलायचा, चिठ्ठी बाहेर येते, ती गल्ल्यावर दिली की बिलातून तेवढी रक्कम वजा.

पण इथेच एक मोठा घोळ आहे. तिथे ८ किंवा १५ सेंट अनामतीच्या बाटल्या पुन्हा भरल्या जातात. २५ सेंटच्या बाटल्या आणि पेयांचे कॅन मात्र एकदाच वापरायचे. २००३ पासून त्यांच्यावरही अनामत आहे, पण त्या परत आल्यावर चिरडल्या जातात आणि रिसायकलिंगला जातात. मशीन दोन्ही घेतं, चिठ्ठी सारखीच देतं. त्यामुळे उद्या तुमच्या सुपरमार्केटने ‘अनामत मशीन बसवलं’ म्हणून पेढे वाटले, तर आधी विचारा की मशीनच्या मागे गेल्यावर बाटलीचं काय होतं. धुतली जाते की चेचली जाते? रस्त्यावरचा कचरा दोन्हींनी कमी होतो. पण पुन्हा भरली जाते ती बाटलीच नव्या बाटलीची गरज वाचवते.

जर्मनीतही सगळं आलबेल नाही. पेयांच्या पॅकिंगपैकी ७० टक्के पुन्हा भरण्याजोगं असावं असं तिथल्या कायद्यातलं उद्दिष्ट आहे आणि प्रत्यक्ष प्रमाण त्याच्या बरंच खाली आहे. स्वस्तातल्या साखळी दुकानांनी वर्षानुवर्षं एकवापराच्या हलक्या बाटल्यांवरच भर दिला. त्यांना परतीचे क्रेट ठेवायची जागा आणि माणसं नको होती. दुसरी कुरबुर बाटल्यांच्या आकारांची. प्रत्येक बिअर कंपनीला आपली वेगळी, नक्षीदार बाटली हवी असते. मग ती वेगळी निवडा, क्रेटमध्ये लावा, लांबच्या कारखान्यात परत पाठवा. पुनर्वापराचा पर्यावरणीय फायदा अशा रिकाम्या प्रवासात वाहून जातो. काच जड, तेव्हा अंतर वाढलं की इंधन वाढतं. म्हणून मागणीत ‘परतीचं पॅकिंग’ एवढंच लिहून भागत नाही. ‘समान आकाराचं, जवळच्या ठिकाणी धुतलं जाणारं’ हेही लिहायला हवं. लेबलचा गोंद पाण्यात सुटणारा असावा, हीसुद्धा क्षुल्लक बाब नाही. धुण्याच्या केंद्रात मशीन अडतं ते अशा चिवट लेबलांपाशी.

एकेकट्या दुकानाने हे केलं तर काय होतं, याचं उदाहरण ब्रिटनमध्ये आहे. टेस्को या साखळीने लूप या परतीच्या पॅकिंगच्या योजनेसोबत २०२१ मध्ये १० दुकानांत परतीच्या पॅकिंगमधला माल ठेवला आणि २०२२ मध्ये प्रयोग थांबवला. माझा निष्कर्ष असा की लोकांना नको होतं म्हणून ते थांबलं असं म्हणणं घाईचं ठरेल. एकच साखळी, मोजकी दुकानं, मोजका माल अशा मापात धुण्या-वाहण्याचा खर्च कधी बसतच नाही. बरणी एका दुकानातून घ्यावी आणि कुठल्याही दुकानात परत करता यावी, तेव्हाच ते चक्र फिरतं.

पाउच आणि सुट्या भाज्या

पाउचबद्दल थोडक्यात. वजनाला हलका, बाटलीपेक्षा प्लास्टिक कमी, म्हणून कंपन्यांना तो फार प्रिय. पण वेगवेगळ्या थरांचा असल्याने बहुतेक ठिकाणी तो रिसायकल होत नाही, आणि ‘रिफिल पॅक’ असं छापलं तरी तो स्वतः एकदाच वापरला जातो. गोळीच्या किंवा पावडरीच्या रूपातला अर्क कागदात मिळत असेल तर गोष्ट वेगळी. त्याला माझा पाठिंबा आहे. पाउचसाठी मात्र मोहीम चालवू नका, तो मागितल्याशिवायच येतो.

सुटी फळं-भाज्या ही सगळ्यात सोपी मागणी. फ्रान्सने २०२२ च्या सुरुवातीपासून दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या अनेक फळा-भाज्यांच्या प्लास्टिक पॅकिंगवर बंदी आणली. त्यांच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने त्या वर्षाअखेरीस तो आदेश रद्द केला आणि २०२३ मध्ये सरकारने काढलेला नवा आदेशही २०२४ मध्ये रद्द केला. युरोपीय संघाच्या नव्या पॅकिंग नियमातही २०३० पासून अशीच बंदी आहे. दुकानाला इथे नवं यंत्र लागत नाही, फक्त काटा आणि टोपल्या. नवख्या गटाने पहिला विजय इथे मिळवावा, पण यालाच पुनर्वापर म्हणून घेऊ नये.

‘प्लास्टिकमुक्त’ शब्दाचाही असाच मोह पडतो. २०१८ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये एकोप्लाझा या सुपरमार्केटने ७०० च्या आसपास वस्तूंची प्लास्टिकमुक्त रांग उघडली. त्यात कागद, काच, धातू आणि कंपोस्ट होणारी आवरणं होती. प्लास्टिक गेलं, पण बहुतेक पॅकिंग एकदा वापरून टाकायचंच राहिलं.

दुकानावर दबाव की कायद्यासाठी रेटा?

हा निर्णयही लवकर घ्यावा लागतो. २०१८ च्या मार्चमध्ये ब्रिस्टलजवळच्या केन्शम गावात लोकांनी सुपरमार्केटमध्ये खरेदी केली, पैसे दिले आणि सगळं प्लास्टिक गल्ल्यापाशी सोडून माल घेऊन गेले. ‘प्लास्टिक अटॅक’ नावाने ही पद्धत पुढे बऱ्याच देशांत पसरली. लक्ष वेधायला याहून स्वस्त मार्ग नाही. मात्र आवरायचं काम दुकानातल्या पोराटोरांवर पडतं, तेव्हा आधी सांगून, नीट गोण्यांत भरून ठेवणं बरं.

कंपन्यांच्या वचनांवर मात्र फार विसंबू नका. कोका-कोलाने २०२२ मध्ये जाहीर केलं होतं की २०३० पर्यंत आपल्या २५ टक्के पेयांची विक्री परतीच्या किंवा पुन्हा भरायच्या पॅकिंगमधून होईल. २०२४ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या नव्या उद्दिष्टांत ही ओळ नव्हती. कायदा असता तर अशी गुपचूप माघार घेता आली नसती.

अर्थात कायद्याचे शब्दही तपासावे लागतात. फ्रान्सचा २०२१ चा कायदा म्हणतो की ४०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानांनी २०३० पर्यंत किमान २० टक्के जागा विनापॅकिंग मालासाठी द्यावी. युरोपीय संघाचा नियम तशाच दुकानांना १० टक्के जागा रिफिलला द्यायचा ‘प्रयत्न करावा’ असं सांगतो. ‘प्रयत्न’ या शब्दावर वकील आरामात झोपू शकतो. चिलीने २०२१ च्या कायद्यात वेगळी वाट धरली. सुपरमार्केटने परतीच्या बाटल्या विकल्याच पाहिजेत, परत घेतल्याच पाहिजेत, आणि मांडलेल्या बाटल्यांत त्यांचा वाटा किमान ३० टक्के हवा. फडताळ मोजायला कुणीही जाऊ शकतं, त्यासाठी कंपनीची आतली आकडेवारी लागत नाही. मागणी अशीच असावी, बाहेरून मोजता येणारी.

मग कुणी काय निवडायचं? गट लहान असेल, शाखेतला मॅनेजर ऐकणारा असेल, तर सुट्या भाज्या आणि डिटर्जंटचं एक रिफिल मशीन मागा. या दोन्हींत शाखेच्या पातळीवर निदान काही हलू शकतं. स्वतःच्या डब्यात माल घ्यायची लेखी परवानगीही त्यातच मागा. फ्रान्समध्ये डबा दिसायला स्वच्छ आणि मालाला साजेसा असेल तर ग्राहक तसं मागू शकतो, असं कायद्यातच आहे. गट मोठा असेल, अनेक शहरांत माणसं असतील, तर शाखेत वेळ घालवू नका. परतीच्या बाटलीचा निर्णय शाखेत होतच नाही. तो साखळीच्या मुख्य कार्यालयात होतो, आणि तिथेही पुरवठादार कंपन्या व इतर साखळ्या सोबत आल्याशिवाय होत नाही. तेव्हा दोन-तीन साखळ्यांना एकच पत्र एकाच दिवशी पाठवा, प्रत लोकप्रतिनिधीला द्या. पेय, तेल, शाम्पू असे दोन-तीनच प्रकार निवडा, प्रत्येकात परतीच्या पॅकिंगचा वाटा किती आणि कोणत्या वर्षापर्यंत ते आकड्यात लिहा, दर वर्षी आकडेवारी जाहीर करण्याची अट घाला. पुनर्वापराच्या बाटलीतला माल एकवापराच्या मालापेक्षा महाग नसावा, ही ओळ विसरू नका. अनामत वेगळी दाखवा, किमतीत मिसळू देऊ नका. आणि उत्तर कोणत्या तारखेपर्यंत हवं ते पत्रातच लिहा.