इकारुगा: बरेच महिने खेळल्यानंतर

दर दहा मिनिटांनी नवी बंदूक किंवा नवा पोशाख मिळाला नाही की ज्यांना करमत नाही, त्यांनी ‘इकारुगा’ या विमानातून गोळ्या झाडायच्या गेमच्या वाटेला जाऊ नये. लहानपणी टीव्हीला कॅसेट लावून ‘कॉन्ट्रा’ संपवण्यात ज्यांच्या सुट्ट्या गेल्या, त्यांनी मात्र जरूर घ्यावा. मी सुट्टीच्या सेलमध्ये घेतला आणि तेव्हापासून रात्रीची जेवणं आटोपली की हाच खेळतोय. बाकीचे गेम तसेच पडून आहेत.

‘ट्रेझर’ या जपानी कंपनीने २००१ मध्ये तो आर्केडसाठी, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मशीनसाठी काढला. पुढच्या वर्षी सेगाच्या ड्रीमकास्ट कन्सोलवर आला, २०१४ मध्ये कॉम्प्युटरसाठी स्टीम या ऑनलाइन दुकानात, २०१८ मध्ये निन्टेन्डोच्या स्विच कन्सोलवर. टप्पे फक्त पाच. न मरता खेळलात तर अर्ध्या तासाच्या आत सगळं संपतं. एवढ्याशा गेमवर इतके महिने कसे जातात, हे नियम कळल्याशिवाय समजणार नाही.

तुमचं विमान एक बटण दाबलं की पांढऱ्याचं काळं होतं, परत दाबलं की पांढरं. शत्रू आणि त्यांच्या गोळ्याही याच दोन रंगांच्या. तुमच्याच रंगाची गोळी विमान शोषून घेतं, उलट्या रंगाची एक जरी लागली तरी विमान गेलं. पण मारा करताना हिशेब फिरतो: उलट्या रंगाच्या शत्रूला तुमची गोळी दुप्पट लागते. म्हणजे सुरक्षित राहायचं तर शत्रूचाच रंग घ्या, त्याला लवकर संपवायचं तर उलटा रंग घेऊन जीव धोक्यात घाला. बॉम्ब नाही, पॉवर-अप (वाटेत मिळणारी जादा ताकद) नाही. पहिल्या मिनिटाला जे विमान हातात असतं, तेच शेवटपर्यंत.

खरी मजा इथे आहे. बाकी सगळ्या शूटिंग गेमनी आपल्याला गोळी दिसली की बाजूला व्हायला शिकवलंय. इथे आपल्या रंगाच्या गोळ्यांचा लोट आला की सरळ त्यात शिरायचं. शोषलेल्या गोळ्यांनी गेज, म्हणजे स्क्रीनवरचं ताकदीचं मीटर भरतं, पूर्ण भरलं की एका दमात १२ लेझर सुटतात आणि आपापले शत्रू हुडकून काढतात. हे डोक्याला लगेच पटतं, बोटांना पटत नाही. पहिले कित्येक आठवडे समोर पांढरा पाऊस, विमानही पांढरं, आणि तरी माझा अंगठा ते कोपऱ्यात पळवायचा. एका रात्री तिसऱ्या टप्प्यात दोन्ही रंगांच्या गोळ्या एकात एक गुंतून खाली येत होत्या. पांढऱ्यात शिरलो, रंग बदलला, काळ्यात शिरलो, पुन्हा बदलला, आणि जागचं फारसं न हलता पार झालो. त्यानंतर स्क्रीन वेगळीच दिसायला लागली. ज्याला मी गर्दी समजत होतो, ती वाट होती.

नुसतं जिवंत राहण्यावर समाधान नसेल तर चेन आहे. एकाच रंगाचे तीन शत्रू लागोपाठ पाडले की १०० गुण, पुढच्या तिघांना २००, मग ४००, असं दुप्पट होत २५,६०० पर्यंत. मध्ये एक चुकीच्या रंगाचा पडला की पुन्हा शून्यापासून. शत्रू दर वेळी ठरलेल्या जागी, ठरलेल्या क्रमानेच येतात, त्यामुळे पहिला टप्पा मला आता मनाच्या श्लोकांसारखा पाठ झालाय. नशिबाला दोष द्यायला जागाच नाही, आणि मला हा गेम आवडतो तो मुख्यतः यासाठी.

आता सेटिंगबद्दल, कारण इथे बरेच जण कंटाळून सोडतात. हा गेम उभ्या स्क्रीनसाठी बनलाय. आडव्या मॉनिटरवर दोन्ही बाजूंना रिकाम्या पट्ट्या येतात आणि खेळाची जागा चिंचोळी होते. मी पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून मॉनिटर फिरवता येणारा आर्म आणून टेबलाला लावला, आणि गोळ्या दुरून येताना दिसायला लागल्या. एवढा खर्च नक्की करा. टीव्हीवर खेळणार असाल तर आधी टीव्हीच्या सेटिंगमधला गेम मोड चालू करा, नाहीतर बटण दाबणं आणि रंग बदलणं यात जो क्षणभराचा उशीर होतो, तो जीव घेतो.

अडचणीही आहेत. नवख्याला हाताला धरून शिकवणारं यात फार काही नाही. सुरुवात ‘ईझी’ या सोप्या पातळीवर करा. ‘नॉर्मल’वर आपल्याच रंगाचा शत्रू पाडला की तो मरता मरता गोळ्या सोडतो, सुरुवातीला त्याने गोंधळ उडतो. कथाही जेमतेम, पण तिच्यासाठी हा गेम कोणी घेत नाही.

दोघांनी खेळायची सोय मात्र अफलातून. एक पांढरा, एक काळा, आणि एकाने दुसऱ्याच्या पुढे उभं राहून त्याच्यासाठी गोळ्या शोषायच्या. शनिवारी कोथरूडहून भाचा आला की आमचं हेच चालतं. “मामा, काळा हो, काळा! मी पुढे आहे!” असा ओरडा सुरू झाला की बहीण स्वयंपाकघरातून डोकावून जाते. त्याचे हात माझ्यापेक्षा झपाझप चालतात, पण कुठून काय येणार हे मला ठाऊक असतं. दोघे मिळून आम्ही चौथ्या टप्प्यापर्यंत पोचलोय. अगदी शेवटी ६० सेकंद एकही गोळी न झाडता नुसतं तगून राहायचं असतं. तिथे कोणी कुठे उभं राहायचं, हे आमचं आताच ठरलंय.