नरकासुराची रात्र की संकासुराची?

असुर समोरासमोर पाहायचा आणि त्यासाठी रात्रभर जागायचीही तयारी आहे, तर गोव्यात जावं की सिंधुदुर्गात? एका फेरीत दोन्ही जमत नाही. गोव्यातली नरकासुराची रात्र वर्षातून एकदाच येते. संकासुर भेटतो तो सिंधुदुर्गातल्या दशावतारात, म्हणजे देवळाच्या जत्रेत रात्रभर चालणाऱ्या लोकनाट्यात, आणि त्या जत्रा रंगतात दिवाळी सरल्यावर. मी दोन्हीकडे जागलो आहे. दोन्ही वेळेला सात वर्षांची पुतणी बरोबर होती.

गोव्यात नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यावर नरकासुर उभे राहतात. आत सांगाडा आणि गवत, वरून कागद आणि रंग. पहाटे कृष्ण येतो, दहन होतं आणि मग घरोघरी अभ्यंगस्नान, कारीट फोडणं, फोव म्हणजे पोहे. मला विचाराल तर खरी मजा आधीच्या आठवड्यात असते. पोरं रात्री उशिरापर्यंत मुखवट्याला कागद चिकटवत बसलेली असतात. तिथे ओळखीचं कुणी असेल तर तेव्हाच जा, अगदी जरूर जा.

पण त्या रात्री चौकात स्पीकरच्या भिंती उभ्या होत्या. पुतणी माझी बाही ओढून काहीतरी विचारत होती आणि मला तिचे नुसते ओठ हलताना दिसत होते. शेवटी तिने कानांवर हात ठेवले. आम्ही दोन गल्ल्या मागे गेलो, तिथे तिचा प्रश्न कळला: "त्याचे डोळे कोण हलवतं?" परत येईपर्यंत कृष्ण येऊन गेला होता, आम्हाला दिसला तो धूर. सगळीकडे असंच असेल असं नाही. आतल्या गावांत शांतपणेही होत असेल. पण माझं मन तिथेच उडालं.

संकासुर भेटला तो जत्रेत. पालखी फिरून झाली, मध्यरात्र उलटली, पेटी आणि मृदंग सुरू झाले. गणपती, सरस्वती, ब्रह्मदेव येऊन गेले आणि मग वेद पळवायला हा आला. अंगभर काळा, तोंडावर काळं फडकं, त्यातून लोंबणारी लाल जीभ. पुतणीने माझा दंड घट्ट धरला. तो थेट तिच्यासमोर येऊन वाकला, "खंयसून इलंस गो चेडवा?" ती कशीबशी म्हणाली, "पुण्याहून." तो ब्रह्मदेवाकडे वळला, "ह्या चेडू पुण्यासून इला, तुझे वेद ह्येकाच दी!" सगळी जत्रा हसली, तीही हसली, पण दंड काही सोडला नाही. दशावतारात संहिता नसते, समोर जे दिसेल त्यावर बोलणं उभं राहतं. कागदाचा असुर कितीही उंच केला तरी तुमचं गाव विचारत नाही.

पुढचं आख्यान पहाटेपर्यंत चालतं. लहान मुलं मध्येच झोपतात आणि मालवणी येत नसेल तर काही विनोद निसटतात, हे मान्य. प्रयोग मात्र जत्रेतलाच बघा. हॉलमध्ये मी पाहिले त्यांत संकासुराचा भाग गाळला होता. दव पडतं, शाल न्या. येताना खाजं, म्हणजे जत्रेतली गुळाची मिठाई, घ्या. आणि देवळाच्या पायऱ्यांवर बसू नका, पुढे जमिनीवर बसा, तो तिथपर्यंत येतो.