वांगासाठी तिहेरी क्रीम की अझेलेइक ॲसिड?

वांगाच्या, म्हणजे चेहऱ्यावरच्या काळपट डागांसाठी दोन्ही मी लावून पाहिलंय. सनस्क्रीन दोन्हींबरोबर लागतंच, त्यावर वाद नाही. फक्त आयर्न ऑक्साइड असलेलं, रंगीत घ्या. हे डाग नुसत्या उजेडानेही गडद होतात आणि साध्या सनस्क्रीनने तो पुरेसा अडत नाही. ओढणीला रंग लागतो, लागू दे.

झटपट फरक हवा असेल तर तिहेरी क्रीमच. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनोइन आणि स्टेरॉइड एकाच ट्यूबमध्ये. मी डिसेंबरच्या सुरुवातीला रोज रात्री मटाराच्या दाण्याएवढं लावायला लागले. संक्रांतीच्या हळदीकुंकवात दोघींनी विचारलं, "पार्लर बदललंस का गं?" दुसऱ्या बाळंतपणापासून गालांवर ठाण मांडून बसलेले डाग निम्म्याने तरी फिकटले होते.

घोळ झाला तो थांबण्यात. डॉक्टरांनी बजावलं होतं, आठ आठवडे झाले की बंद. झाले, केलं बंद. गुढीपाडव्याला नणंद चेहऱ्याकडे बघून म्हणाली, "वहिनी, परत आलं वाटतं." दुसऱ्या दिवशी मी मेडिकलमध्ये. खरं तर अशी स्टेरॉइडवाली क्रीम २०१८ पासून शेड्यूल एचमध्ये आहेत, म्हणजे चिठ्ठीशिवाय मिळायला नकोत. मला मिळाली, तीही "सोबत फेसवॉश देऊ का?" या प्रश्नासकट. ती ट्यूब संपेपर्यंत गाल तापल्यासारखे लाल राहू लागले आणि नाकाशेजारी बारीक शिरा दिसायला लागल्या. डॉक्टरांना सांगितलं, तर बोलणी खाल्ली. हायड्रोक्विनोन वर्षानुवर्षं रेटलं तर निळसर-काळे डाग पडू शकतात आणि ते जाता जात नाहीत, हे त्यांनी तेव्हा सांगितलं. दोष क्रीमचा नाही म्हणा, माझा आहे. पण चांगलं चाललेलं औषध ठरल्या तारखेला सोडून देणं मला जमत नाही, आणि ते जमणाऱ्या बायका मी फारशा पाहिल्या नाहीत.

अझेलेइक ॲसिडचं दुखणं वेगळं. २० टक्क्यांचं क्रीम लावलं की पहिली दहा मिनिटं गालावर लाल मुंग्या सोडल्यासारखं वाटतं. पहिले पंधरा दिवस मी एक दिवसाआड, आधी मॉइश्चरायझर लावून मग वरून ते लावलं, तेव्हा निभावलं. पुढे दिवसातून दोनदा. आणि फरक? तिसऱ्या महिन्यापर्यंत जवळपास शून्य. मी ट्यूब फेकायच्या बेतात होते. चौथ्या महिन्यात जुन्या फोटोशी ताडून पाहिलं तेव्हा कुठे पटलं. यात स्टेरॉइड नाही, त्यामुळे "आता बंद" असं सांगणारी तारीख डोक्यावर नाही. पुढे बाळाचा विचार असेल तर हाही मुद्दा धरा: ट्रेटिनोइन गरोदरपणात चालत नाही, अझेलेइक बहुतेक डॉक्टर चालू ठेवू देतात.

घरात लग्न दोन महिन्यांवर आलं असेल आणि डॉक्टर लक्ष ठेवून असतील, तर तिहेरी क्रीम घ्यायला माझी ना नाही. प्रत्येकीची कातडी वेगळी. माझ्या उजव्या गालावर अजून एक सावली आहे, मे महिन्यात जरा ठसठशीत होते. तरी आरशाजवळ आता अझेलेइकचीच ट्यूब असते. तिहेरी क्रीमची एक राहिलेली ट्यूब मी नवऱ्याच्या कपाटात वर ठेवायला दिली होती, ती मुदत संपून गेली.