वृद्धाश्रमाच्या पंगतीला दुहेरी भिंतीचा स्टीलचा डबा

वृद्धाश्रमात जेवण पोचवायला दुहेरी भिंतीचे, झाकणाला रबरी रिंग असलेले मोठे स्टीलचे डबे वापरतात. वरण, कढी, मऊ खिचडीसाठी उत्तम. भरण्याआधी 10 मिनिटं उकळतं पाणी घालून डबा तापवा, मग काठाशी येईल एवढा भरा. अर्धवट भरला की लवकर निवतो. वाढेपर्यंत वरण 60 अंशांच्या वरच हवं, त्याखाली जिवाणू वाढू लागतात. तोटीवाला प्रकार घेऊ नका, डाळ आणि मोहरी तोटीत अडकतात. रिंग रोज काढून धुवावीच लागते, नाहीतर खाचेत आंबूस वास बसतो.

भाकरीसाठी मात्र हा डबा अगदी वाईट. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) गरम भाकरी आत घामेजते, तळची चिकट होते. ती कापडात गुंडाळून टोपलीतूनच न्यावी. दात नसलेल्यांना घट्ट वरणात कुस्करून, पूर्ण मऊ होईपर्यंत भिजवून द्या. वांग्याच्या भरतातले देठ आणि मिरचीचे तुकडे आधीच काढा. गिळायला त्रास असेल तर पातळ कढीनं ठसका लागू शकतो. किती घट्ट द्यायचं ते डॉक्टरांना विचारा. ताठ बसवून छोट्या चमच्यानं भरवा, नंतर 30 मिनिटं आडवं करू नका.