पेटंट: स्वतः भरायचं, एजंटकडून की सरकारी मदतीतून?

सरकारी फी तिन्ही वाटांवर तीच. व्यक्तीच्या नावाने ऑनलाइन अर्ज १,६०० रुपये, त्यात ३० पानं आणि १० क्लेम (शोधाच्या नेमक्या कशावर हक्क सांगता ती वाक्यं) बसतात. तपासणीच्या मागणीचे वेगळे ४,०००. फरक पडतो तो मसुदा कोण लिहितो यात.

स्वतः भरायला कायद्याची आडकाठी नाही. प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता पहिला अर्ज नीट बसून लिहिला तर जमतो. शोधाला त्या दिवसाची तारीख मिळते आणि पूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात. मात्र त्यात जे लिहायचं राहिलं, त्याला ती तारीख लागू होत नाही.

घोटाळा होतो क्लेममध्ये. समजा, सायकलच्या चाकावर चालणारं कोळपं बनवलं आणि क्लेम लिहिला: ‘२६ इंची चाक व तीन बोल्टांनी जोडलेली ९ इंची पास (तण कापणारं पातं)’. दुसऱ्या वर्कशॉपने २० इंची चाक आणि दोन बोल्ट लावले की ते तुमच्या क्लेमबाहेर. नुसतं ‘चाकावर चालणारं कोळपं’ लिहाल, तर परीक्षक जुनं कोळपं दाखवून अर्ज अडवेल. नंतर सुधारू म्हणाल तर कलम ५९ आडवं येतं: मूळ वर्णनात नव्हतं ते घुसवता येत नाही.

एजंटला पैसे द्यायचे ते याच लिखाणाचे. त्याचं नाव पेटंट कार्यालयाच्या यादीत आहे का पाहा. परीक्षण अहवालाचं (परीक्षकाच्या आक्षेपांचं) उत्तर आणि सुनावणी त्याच्या फीमध्ये धरली आहे का, हे लेखी घ्या. मसुदा स्वस्तात आणि पुढे प्रत्येक पत्राला मीटर, असं सर्रास होतं. ‘पेटंट नक्की मिळवून देतो’ म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार. काहीजण ‘डिझाइन पेटंट’ म्हणून डिझाइन नोंदणीचं सर्टिफिकेट हातावर ठेवतात. त्याने रूप राखलं जातं, यंत्राची करामत नाही.

मान्यताप्राप्त स्टार्टअप असाल तर केंद्राच्या योजनेत फॅसिलिटेटरचा (अर्ज लिहून भरून देणाऱ्या, सरकारी यादीतल्या मदतनिसाचा) मोबदला सरकार देतं, तुम्ही फक्त सरकारी फी भरता. गावपातळीवरच्या संशोधकाने गुजरातमधल्या नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनचं (अशा संशोधकांना मदत करणारी सरकारी संस्था) दार ठोठवावं. मात्र ठरीव मोबदल्यात कुणी तुमच्या शेडवर येऊन मापं घेणार नाही. आकृत्या आणि कोणता भाग का बदलला याची टिपणं तुम्हीच द्या.

कुठलीही वाट धरा, यूट्यूबवर किंवा कृषी प्रदर्शनात यंत्र दाखवण्याआधी अर्जाची तारीख घ्या. प्रदर्शनात दाखवल्यावर १२ महिन्यांत अर्ज करायची सवलत फक्त सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांना आहे, तालुक्याच्या मेळाव्याला नाही.