जागेशिवाय प्रीफॅब घर विकणं : एजंट, कंपनी, बँक आणि यार्डाचा अनुभव

प्रीफॅब घरांबद्दल, म्हणजे कारखान्यात भाग बनवून जागेवर जोडलेल्या घरांबद्दल, मराठीत जे वाचायला मिळतं ते सगळं घर उभं राहीपर्यंतचं असतं. किती दिवसांत झालं, चौरस फुटाला काय दर पडला, उन्हाळ्यात पत्रा तापतो का. तेच घर पुढे विकायची वेळ आली तर काय होतं, यावर मला काही सापडलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते. राहण्यासाठी मी या घराला पाचपैकी चार गुण देईन. विकण्यासाठी एक, आणि तोही घर खोलून देणाऱ्या कामगारांचा.

२०१८ साली आम्ही मुळशी तालुक्यातल्या कोळवण खोऱ्यात, सासऱ्यांच्या शेतात हे घर उभं केलं. ६२० चौरस फूट. दोन खोल्या, स्वयंपाकघर, संडास-बाथरूम आणि पुढे पडवी. हलक्या पोलादाचा सांगाडा, दोन पत्र्यांच्या मध्ये पफ (उष्णता अडवणारा फोम) भरलेली ५० मिलिमीटरची पॅनेलं, छपरालाही तीच. सगळा माल सुटा आला आणि जागेवर जोडला. किंमत ९ लाख ८० हजार, त्यात १८ टक्के जीएसटी धरलेला. जोतं, सेप्टिक टँक, बोअर, विजेचं मीटर हे सगळं वेगळं, आमच्या खर्चाने. मुळशीचा पाऊस या घराने नीट सोसला. छपरातून एकदाही पाणी आलं नाही, आणि मे महिन्यात दुपारी पंख्यावर झोप लागायची. चार गुण त्याचेच.

मग घरात वाटण्या झाल्या. कोळवणची जमीन धाकट्या दिरांकडे गेली, आम्हाला गावातल्या जुन्या वाड्याचा हिस्सा आला. दीर सरळ माणूस आहेत. ते म्हणाले, "वहिनी, घर तुमच्या पैशाचं आहे, ते तुम्ही विका. पण जमीन मी बाहेरच्याला देणार नाही." यात वावगं काहीच नाही. त्यांनी द्यायचं म्हटलं असतं तरी सोपं नव्हतं. शेतजमीन घेणारा स्वतः शेतकरी असावा लागतो आणि घराखालचे तीन-चार गुंठे तोडून द्यायचे तर शेतजमिनीचे छोटे तुकडे पाडू न देणारा तुकडेबंदी कायदा आडवा येत होता. थोडक्यात, विकायला आमच्याकडे फक्त घर होतं, खालच्या जमिनीशिवाय.

पहिल्यांदा एका जागांच्या वेबसाइटवर जाहिरात टाकायला बसले. फॉर्ममध्ये सोसायटीचं नाव हवं, मजला हवा, कार्पेट एरिया हवा, नाहीतर प्लॉटचा सर्व्हे नंबर हवा. जमीन नसलेल्या घरासाठी रकानाच नाही. 'इतर' मध्ये टाकलं. फोन आले ते जवळपास सगळे एजंटांचे, आणि त्यांना जमीनच हवी होती. पौड रस्त्यावरचा एक एजंट मात्र मोकळेपणी बोलला. म्हणाला, "मॅडम, गिऱ्हाईक मुळशीत घर बघायला येतं ते जागा बघायला येतं. डोंगर कुठे, पाणी कुठे, रस्ता किती फुटी. घर ते नंतर पाडून परत बांधतात. जागा नाही तर मी दाखवू काय?" त्याने काम घेतलं नाही. पण ॲडव्हान्सही मागितला नाही, याचं मला आजही बरं वाटतं.

जिच्याकडून घर घेतलं त्या कंपनीबद्दल मला असं म्हणता येत नाही. घेताना त्यांच्या माहितीपत्रकात ठळक अक्षरांत होतं : 'कधीही हलवा, कुठेही न्या'. मी फोन केला, हलवायला माणसं आणि घराची ड्रॉइंग मागितली. त्यांनी दिलेल्या अंदाजपत्रकात खोलणं, वाहतूक आणि परत जोडणं मिळून रक्कम नव्या घराच्या निम्म्याच्या पुढे जात होती, आणि तळाशी एक ओळ होती की खोलताना पॅनेल खराब झाल्यास जबाबदारी ग्राहकाची. परत विकत घ्याल का, असं विचारल्यावर 'आमच्याकडे ती पॉलिसी नाही' एवढंच उत्तर मिळालं. ड्रॉइंग देतो म्हणाले. मेल केले, फोन केले, दर वेळी नवीन माणूस आणि नवीन तारीख. ड्रॉइंग आलं नाही. कोणतं पॅनेल कुठे बसतं आणि कोणता बोल्ट आधी काढायचा हे त्या कागदावर असतं. तो कागद नसेल तर घर हलवता येतं या म्हणण्याला काही अर्थ उरत नाही. ज्या वचनावर माल विकला त्याचा कागद गिऱ्हाइकाच्या हातात पहिल्याच दिवशी दिला पाहिजे. याबाबतीत मी कंपनीला शून्य देते.

मधल्या काळात खरा गुंता कळला तो वकिलांकडे. विकतोय ती स्थावर मिळकत की नुसता माल, हा प्रश्न फ्लॅट विकताना येत नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची स्थावर मिळकत नोंदणीकृत दस्तानेच विकली जाते. त्यामुळे खरेदीखत होतं, इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा) मिळतो, बँकेला तारण धरायला कागद मिळतो. आमच्या घराचं काय? ते जोत्याला बोल्टने जखडलेलं. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर त्याची नोंद, घरपट्टी आम्ही भरत आलो, म्हणजे पंचायतीच्या दप्तरी ते घर. पण घेताना आमच्याकडे आलं ते जीएसटीचं टॅक्स इनव्हॉइस, म्हणजे बिलाच्या दृष्टीने तो माल. वकिलांनी सांगितलं की जमीन द्यायची नसेल तर 'खोलून नेण्याच्या अटीवर, जंगम वस्तू म्हणून' विका, तसा करार करा आणि घर उचललं की पंचायतीत नोंद कमी करण्याचा अर्ज द्या. करारासाठी ५०० रुपयांचा स्टँप लागला. ऑक्टोबर २०२४ पासून १०० चा चालत नाही.

ही वाट कायद्याने सरळ आहे, पण तिच्यामुळे गिऱ्हाईक निम्मं होतं. कर्वेनगरचं एक तरुण जोडपं घर बघून खूश झालं होतं. मुलीच्या वडिलांची भोरकडे शेती, तिथे न्यायचं त्यांच्या मनात होतं. ती मुलगी पॅनेलवर हात फिरवत म्हणाली, "काकू, हे आम्हाला अगदी हवं तसं आहे." पण तीन लाख रोख त्यांच्याकडे नव्हते. बँकेत गेले तर गृहकर्ज नाही, कारण खरेदीखत नाही आणि तारणही नाही. वैयक्तिक कर्ज मिळत होतं, त्याचं व्याज ऐकून दोघं थांबले. आठवड्याने तिने फोन करून माफी मागितली. तिने माफी मागायचं काही कारणच नव्हतं.

माझी भाची अमेरिकेत ओहायोला असते. तिला हे सांगितलं तर ती म्हणाली, इकडेही कारखान्यात बनवलेल्या घरांचं असंच दुखणं आहे. तिकडे जून १९७६ पासून अशा घरांसाठी केंद्र सरकारचं बांधणीचं मानक आहे आणि घराच्या प्रत्येक भागाला बाहेरून लाल पट्टी ठोकलेली असते. पट्टी बघितली की घेणाऱ्याला कळतं, हे तपासलेलं घर आहे. अनेक राज्यांत घराला गाडीसारखं टायटल, म्हणजे मालकीचा कागद, मिळतं. तरीसुद्धा जमीन भाड्याची असेल तर गृहकर्ज मिळायला त्रास, जंगम मालावरचं कर्ज महाग, आणि घेणाऱ्याला जमीनमालकाचीही संमती लागू शकते. इतकी जुनी व्यवस्था असून ही अडचण. आमच्या घरावर तर पट्टी सोडाच, पॅनेल कोणत्या साली बनलं हेही कुठे छापलेलं नव्हतं. घेणाऱ्याने विश्वास ठेवायचा तो माझ्या शब्दावर आणि एका जुन्या बिलावर.

मग पोर्टा केबिनचे, म्हणजे उचलून नेता येणाऱ्या तयार खोल्यांचे, यार्डवाले. वाघोलीकडच्या एकाने फोटो बघूनच १ लाख १० हजार सांगितले, 'सगळं उचलून'. मोशीच्या बाजूचा दुसरा प्रत्यक्ष आला, त्याने टेप लावली आणि सांगितलं की आठ फुटी केबिन असती तर जास्त दिले असते. कारण विचारलं तर त्याने नीट समजावलं. केबिन तशीच्या तशी उचलून ट्रेलरवर ठेवता येते, भाड्याने देता येते, परत आणता येते. रस्त्यावर गाडीला २.६ मीटर रुंदीची मर्यादा, आठ फूट त्यात बसतं. दहा फुटी खोली अख्खी न्यायची तर वेगळी परवानगी. आमचं घर अख्खं उचलण्यासारखं नव्हतंच, खोलूनच न्यावं लागणार होतं. पोलाद अडीच टनांच्या आसपास, भंगारात किलोला २८ रुपये, पफला मोल नाही, उलट वेगळा काढायची मजुरी. त्यात कुदळवाडीतली भंगाराची गोदामं फेब्रुवारी २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने पाडली, तेव्हापासून ठेवायला जागा नाही, असंही तो म्हणाला. त्याचा भाव मला पटला नाही, पण हिशेब त्याने उघड मांडला. या सगळ्या प्रवासात घराची किंमत कशी ठरते हे सांगणारा तो पहिला माणूस.

घर शेवटी गेलं २ लाख ६० हजारांना, पुरंदर तालुक्यातल्या एका अंजीर-सीताफळवाल्या शेतकऱ्याला. विमानतळासाठी सात गावांची जमीन घ्यायची ठरल्यापासून त्या पट्ट्यात सगळे धास्तावलेले. यांचं शेत त्या सात गावांत नाही, लगतच्या गावात आहे. विटा-सिमेंटचं पक्कं घर बांधायची हिंमत होत नव्हती, आणि म्हाताऱ्या आईला शेतावर राहायचं होतं. "उद्या उठायची वेळ आली तर हे घेऊन तरी जाता येईल," असं ते म्हणाले. गेले कित्येक महिने मी ज्यांना घर दाखवत होते त्या सगळ्यांच्या पायाखालची जमीन पक्की होती, त्यांना हलतं घर कशाला लागेल? ज्याला जमिनीचा भरवसा नाही त्यालाच या घराचं मोल कळलं. विकणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. सेकंड होम शोधणाऱ्यांमागे वेळ घालवण्यापेक्षा जमीन आपली पण बांधकाम करायला मन धजत नाही, अशा शेतकऱ्यांपर्यंत पोचा. आम्हाला हे गिऱ्हाईक खताच्या दुकानात लावलेल्या एका कागदावरून मिळालं.

आता खोलण्याचं. पिरंगुटच्या फॅब्रिकेशनवाल्याची चार पोरं आली, मुकादमासकट. ड्रॉइंग नव्हतं, म्हणून मुकादमाने आधी प्रत्येक पॅनेलवर आतल्या बाजूने खडूने नंबर घातले, भिंतीला अक्षर आणि पॅनेलला आकडा, आणि मग वहीत हाताने अख्ख्या घराचा नकाशा काढला. मगच पहिला स्क्रू निघाला. छपराचे स्क्रू वरचं रबरी वॉशर कुजून पत्र्याला चिकटलेले, त्यातले कितीतरी ग्राइंडरने कापावे लागले. भिंतींची पॅनेलं मात्र खाचेतून अलगद सुटली. वाईट हाल होते बाथरूमच्या खालच्या चॅनेलचे, म्हणजे पॅनेल ज्यात बसतं त्या पोलादी खाचेच्या पट्टीचे. वरून रंग धड होता, पण मुकादमाने स्क्रूड्रायव्हर टेकवला तर तो आत गेला आणि गंजाचे पापुद्रे त्याच्या तळहातावर आले. "ताई, हे दिसत नाही कुणाला, पण हेच आधी जातं," असं म्हणून त्याने तेवढं चॅनेल नवीन वाकवून आणायला सांगितलं. घेणाऱ्यांसमोरच सांगितलं, लपवलं नाही. त्याचे साडेचार हजार मी भरले. स्वयंपाकघराच्या एका पॅनेलमध्ये उंदरांनी पफ कुरतडून पोकळी केली होती, तेही बदललं.

फरशी काही निघाली नाही. सिमेंट बोर्डावर चिकटवलेल्या टाइल्स फुटल्याच. जोतं, टाकी, बोअर, मीटर सगळं दिरांच्या जमिनीत राहिलं, त्याचा एक रुपया परत मिळाला नाही. घर घेताना कोणी चौरस फुटाचा दर सांगितला तर जमिनीत जाणारा खर्च वेगळ्या रकान्यात लिहून घ्या, तो विकताना हिशेबातच येत नाही.

माल दोन आयशर ट्रकमध्ये मावला. छपराच्या कैच्या उतरवायला आणि चढवायला हायड्रा (क्रेन) लागला, त्याचे दिवसाचे पैसे घेणाऱ्यांनी दिले. गाड्या रात्री निघाल्या, चांदणी चौक, कात्रज, कोंढवा, मंतरवाडी करत दिवे घाटातून सासवडकडे. मुकादमाने तिकडे जाऊन वही बघत घर परत उभं करून दिलं. एका भिंतीच्या कोपऱ्यात सांध्याला फट राहिली होती, तीही त्याने पट्टी मारून बंद केली.

गुणांचं बोलायचं तर कंपनीला शून्य, वेबसाइटला एक, यार्डवाल्याला तीन, कारण भाव कमी दिला तरी खोटं बोलला नाही. खोलणाऱ्या मंडळींना पाचपैकी पाच. त्यांचं नाव-नंबर त्यांना विचारल्याशिवाय इथे टाकत नाही.

मुकादमाच्या वहीतल्या पानांचे मी फोटो काढून ठेवले आहेत, आणि वकिलांनी केलेला करारनाम्याचा मसुदाही आहे. ६२० चौरस फुटी, दोन खोल्या आणि पडवीचं हेच मॉडेल कोणाकडे असेल आणि खोलायचं असेल, तर खाली लिहा, दोन्ही पाठवते.