लोखंडी अल्ड्रॉप: दांडा दणकट, स्क्रू कुचकामी

तालुक्याच्या हार्डवेअर दुकानात मिळणारा १० इंची, १६ मिमी दांड्याचा अल्ड्रॉप, म्हणजे दाराला कुलूप घालायची सरकत्या दांड्याची कडी. कापूस वेचणीच्या दिवसांत घर दिवसभर कुलूपबंद असतं, त्यासाठी चांगला. फक्त सोबत येणाऱ्या स्क्रूंवर तो बसवू नका. पाऊण इंची स्क्रू जुन्या सागवानात जेमतेम धरतात. सब्बल घातली की कोयंडा उपटून येतो, कुलूप मात्र शाबूत!

त्याऐवजी घुमट डोक्याचे ६ मिमी बोल्ट पल्ल्यातून आरपार घाला, आतून वायसर आणि नट. बाहेरून पाना लागत नाही. डोक्याखालचा चौकोन पट्टीत घट्ट बसेल इतपत भोक कानशीने घासा, नाहीतर बोल्ट जागीच फिरतो.

दांडा चौकटीत किमान एक इंच शिरायला हवा. पावसाळ्यात पल्ला फुगून अडला तर भोक वाढवू नका, सुताराकडून पल्ल्याची कड रंधून घ्या. मातीच्या भिंतीतली चौकट उधईने पोखरली असेल, तर आधी ती बदला. दोन्ही बाजूंना तीन-तीन होल्डफास्ट (चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या) काँक्रीटमध्ये पक्के करा.

आणि हो, जाड कडीचं कुलूप अल्ड्रॉपच्या भोकात जाईलच असं नाही. दुकानातच घालून पाहा.